परतीचा वारा

रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६च्या ऑगस्टात दत्तू भोकनळ यांच्या नावावर आठ दिवसांत दोन अगदी वेगळ्या वेळा नोंदल्या गेल्या. ६ ऑगस्टला प्राथमिक फेरीत दोन हजार मीटर वल्हवायला ७ मिनिटं २१.६७ सेकंद लागले. १३ तारखेला ‘क’ गटाच्या अंतिम शर्यतीत तेच अंतर ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत संपलं. माणूस तोच आणि सरोवरही तेच. फरक मात्र जवळपास सत्तावीस सेकंदांचा. प्राथमिक फेरीत खेळाडू थोडी ताकद राखून ठेवतात, हे खरं. पण त्या पहिल्या दिवशी लागोआ सरोवरावर वाऱ्यानं असं पाणी उसळलं होतं, की सर्बियाच्या जोडीची नाव शर्यतीतच उलटली. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, आयोजकांनी सगळ्या शर्यती रद्द केल्या. १० तारखेला पुन्हा तसंच झालं. चार वर्षं तयारी करून जगभरातून आलेले वल्हवणारे, काठावर बचावाच्या बोटी, चहूबाजूंनी शहर, जगाचे कॅमेरे रोखलेले. तरीही कुणीतरी पाण्याकडे बघितलं आणि आज नाही, असं ठरवलं.

हे ठरवायचं कसं, हाच या पुस्तिकेचा विषय आहे. ऑलिंपिकमध्ये त्यासाठी पंच असतात, वाऱ्याची मोजणी असते. धरणाच्या काठी भाड्यानं कयाक घेऊन उभ्या असलेल्या दोन मित्रांजवळ यातलं काहीच नसतं. आभाळ असतं, पाणी असतं, खिशात फोन असतो आणि निघायची घाई असते.

दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. चांदवडचं आणि पाण्याचं नातं सोपं नाही. गावाच्या डोक्यावरून सातमाळ्याची रांग जाते आणि तीच पाणलोटाची सीमा आहे. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेला मिळून तापीच्या वाटेनं अरबी समुद्रात जातो, दक्षिणेला पडलेला गोदावरीच्या वाटेनं थेट बंगालच्या उपसागरात. पाणी दोन्हीकडून निघून जातं आणि तालुक्याच्या वाट्याला विहिरी, टँकर आणि अलीकडची शेततळी उरतात. दत्तू वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात. २०११मध्ये वडील गेले, २०१२मध्ये ते सैन्याच्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले आणि पुण्यात त्यांच्या हाती वल्हं आलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. पुढे २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार.

ही भीती नीट समजून घेतली पाहिजे. दुष्काळी गावातला माणूस पाण्याकडे बघतो तेव्हा ते किती आहे, एवढंच त्याला दिसतं. कोरडं की भरलेलं, किती फूट उरलंय, किती दिवस पुरेल. पाणी हलतं, ढकलतं, ओढून नेतं, हा अनुभव विहिरीवर येत नाही. म्हणून भरलेलं धरण बघून आनंद होतो आणि त्या आनंदात ते निरुपद्रवी वाटू लागतं. नदीचा पूर पाहून कुणी त्यात उतरत नाही. जलाशयाचं सपाट पाणी मात्र बोलावतं. कयाकिंगचे महाराष्ट्रातले बहुतेक नवखे प्रवास अशाच सपाट पाण्यावर होतात, म्हणून इथला भर समुद्रापेक्षा आणि खळाळत्या नद्यांपेक्षा धरणांच्या फुगवट्यांवर आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. भोकनळांची ‘सिंगल स्कल’ आणि पर्यटकाची कयाक या वेगळ्या गोष्टी आहेत. स्कल आठ मीटरच्या आसपास लांब आणि अतिशय अरुंद. नियमानं तिचं वजन किमान १४ किलो. वल्हवणारा पाठ पुढे करून दोन वल्ही मारतो. कयाकमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं, आणि भाड्यानं मिळणारी प्लास्टिकची कयाक बरीच रुंद, जड, सहसा न उलटणारी. नवशिक्याला तिचा आधार वाटतो आणि तो खराही आहे. पण वाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ती पाण्यावर तरंगणारी हलकी वस्तू आणि तिच्यावर बसलेला माणूस म्हणजे उभं शीड. ती उलटली नाही, तरी जिथे जायचं नाही तिथे सहज जाते.

म्हणून सुरुवात वाऱ्यापासून.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा वीसचा झाला की ढकलणारी ताकद दुप्पट नाही, चौपट होते. सवयीचा, धडधाकट माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरनं चालवतो. समोरून वीसचा वारा आला की हा वेग चांगलाच घटतो, आणि दमलेल्या माणसाचा तर शून्यावर येतो. तो वल्हं मारत राहतो आणि काठावरचं झाड जागचं हलत नाही. हे झाड बघणं ही फार उपयोगी सवय आहे. आपल्या बाजूच्या काठावरच्या दोन खुणा निवडाव्यात, एक जवळची आणि तिच्या मागे एक लांबची. त्या एकमेकींच्या तुलनेत सरकत नसतील तर आपणही सरकत नाही आहोत.

वारा मोजायचं यंत्र जवळ नसलं तरी पाणी स्वतःच आकडा सांगतं. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. दुसऱ्या पायरीला लहान तरंग उठतात, पण ते फुटत नाहीत. तिसऱ्या पायरीला, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरला, तरंगांचे माथे फुटू लागतात आणि तुरळक पांढरा फेस दिसतो. चौथीला, २० ते २८ला, फेस जागोजागी दिसतो. समुद्रासाठी केलेली ही मोजणी धरणावर तंतोतंत लागू पडत नाही, कारण लाट उठायला वाऱ्याला मोकळ्या पाण्याची लांबी लागते. तरी नवख्यासाठी नियम सरळ ठेवता येतो: काठावरून पांढरा फेस दिसला की उतरायचं नाही.

मोकळ्या पाण्याच्या लांबीची ही गोष्ट नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर छान कळते. चांदवडहून साठ-पासष्ट किलोमीटरवर नाशिक, आणि त्याच्या पश्चिमेला गोदावरीवरचं हे मातीचं धरण. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब याच जलाशयाच्या काठी आहे. पाणी धरणापासून पश्चिमेकडे पसरलेलं आहे आणि पावसाळी वारेही पश्चिमेकडूनच येतात. म्हणजे वाऱ्याला जलाशयाची सगळी लांबी मिळते आणि लाटा वाढत वाढत धरणाच्या बाजूला येतात. पश्चिमेच्या काठावर उभा असलेला माणूस मात्र वाऱ्याच्या आडोशाला असतो. त्याच्या पायाशी पाणी जवळपास स्थिर असतं. त्याला वाटतं, आज छान आहे. तो निघतो, वारा पाठीशी असल्यानं झपाट्यानं पुढे जातो, आपल्याला वल्हवायला जमतंय असं वाटून खूश होतो, आणि वळल्यावर त्याला पहिल्यांदा खरा वारा भेटतो.

काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा, तो यासाठी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात २२ मार्च १९९३ला हेच झालं. प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रीजिसहून शेजारच्या चारमथला कयाकनं निघाले. अंतर अगदी थोडं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. तो त्यांना किनाऱ्यापासून दूर घेऊन गेला, लाटा वाढत गेल्या, कयाक पाण्यानं भरल्या आणि थंड पाण्यात चार मुलं दगावली. साहस केंद्राच्या चालकाला सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला आणि १९९५मध्ये ब्रिटिश संसदेनं अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. त्या दिवशी किनाऱ्यावरून पाणी भयंकर दिसत नव्हतं, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

यातून निघणारी रीत साधी आहे आणि ती पाठ करावी अशी आहे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. ताकद शाबूत असताना कष्टाचं अंतर कापलं जातं. शिवाय वारा झेपत नाही हे पहिल्या शे-दीडशे मीटरमध्येच कळतं, तेव्हा काठ हाताशी असतो. निर्णय जाण्याचा नसतो, परतण्याचा असतो. आता काय स्थिती आहे, याहीपेक्षा दोन तासांनी हात दुखत असताना काय स्थिती असेल, हा प्रश्न काठावर विचारायचा.

दख्खनच्या पठारावर या प्रश्नाचं उत्तर दिवसाच्या वेळेवर बरंच अवलंबून असतं. पहाटे हवा पडलेली असते. ऊन चढलं, जमीन तापली की साधारण अकराच्या पुढे वारा उठतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणून उजाडता निघून दहापर्यंत काठाला लागणं हा चांगला बेत. संध्याकाळी वारा पुन्हा पडतो, पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधली संध्याकाळ भरवशाची नसते.

उजनीच्या फुगवट्यात २१ मे २०२४ला घडलेली घटना महाराष्ट्राच्या लक्षात असेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे नेहमीच्या जलवाहतुकीची एक बोट निघाली होती. संध्याकाळची वेळ, सात माणसं. अचानक वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि बोट उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. लहान मुलांसह सहा जण बुडाले. वाट रोजची होती. वेळ मात्र वळवाची होती.

वळवाचा ढग वारा कसा सोडतो, हे जवळून बघण्यासारखं आहे. दुपारभर उकाडा असतो, क्षितिजावर कापसासारखे ढग उंच चढत जातात, त्यांचा माथा पसरट होतो आणि तळ काळा. मग वारा पडतो. पाणी तेलकट, गुळगुळीत दिसू लागतं. नवख्याला हीच निघायची वेळ वाटते. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर थंड, जड हवा खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पाऊस अजून काही किलोमीटर लांब असतो, पण ही हवा त्याच्या पुढे धावते. काठावर आधी धुळीची भिंत उठते. ओल्या मातीचा वास येतो. उकाड्यात एकदम गार झुळूक लागते. मग पाण्यावर लांबून एक काळपट पट्टा सरकत येताना दिसतो. तो वाऱ्यानं ओरखडलेला पृष्ठभाग असतो. पट्टा पोचेपर्यंत थोडीच मिनिटं हाताशी असतात. जलाशयाच्या मध्यावर असलेल्या माणसाला तेवढ्यात काठ गाठता येत नाही. धूळ, वास आणि गार झुळूक या खुणा कळल्या तरी तेव्हा उशीर झालेला असतो. ढग चढताना दिसला तीच खरी वेळ.

चांदवडच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा शेतात पोळ घालून ठेवलेला असतो. दुपारी आभाळ बघून त्यावर प्लास्टिक टाकायचं की नाही, हे तो रोज ठरवतो, आणि चुकलं तर वर्षाचं पीक भिजतं. द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांचंही तसंच. ढग कुठल्या बाजूनं चढतोय, वारा कधी फिरला, गारांचं आभाळ कोणतं, हे ज्ञान या तालुक्यात घरोघर आहे. ते पाण्यावर नेणं एवढंच काम उरतं. या भागात कयाकिंग रुजायचं असेल तर ते याच ज्ञानाच्या खांद्यावर रुजेल. परदेशी पुस्तकांतले थंड समुद्राचे धडे इथे अर्धेच उपयोगी पडतात.

ढगाबरोबर वीज येते. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कयाकमधला माणूस, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून तीननं भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि वीज ढगापासून तेवढ्या अंतरावरही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काठावरच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं, पण पाण्याच्या मधोमध फोन जलरोधक पिशवीत असतो आणि रेंज असेलच असं नाही. ते बघायचं ते निघण्याआधी.

अंदाज वाचण्याबद्दल इथे थोडं सविस्तर बोलायला हवं. हवामान विभाग जिल्ह्यासाठी पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा देतो. नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, चांदवडच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा. मग ‘नाशिकला यलो अलर्ट’ या बातमीचा अर्थ चांदवडच्या माणसानं काय घ्यायचा? दोन गोष्टी. एक म्हणजे इशारा आपल्या डोक्यावरच्या पावसाबद्दल असेलच असं नाही, म्हणून तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि उपग्रहाचं ताजं चित्र बघायचं. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: पाऊस दुसरीकडे पडला तरी पाणी आपल्याकडे येतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर धो धो कोसळत असताना निफाडला लख्ख ऊन असू शकतं, आणि त्याच उन्हात गोदावरी चढत असते. वाऱ्याच्या अंदाजातही सरासरी वेग आणि झोत असे दोन आकडे असतात. कयाकवाल्यानं झोताचा आकडा धरावा.

पाणी चढतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हातानं. नाशिकच्या नद्यांवर वरपासून खालपर्यंत धरणं आहेत आणि पावसाळ्यात त्यांचे दरवाजे उघडले की विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. हा आकडा वर्तमानपत्रात रोज वाचूनही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. पाच हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर, म्हणजेच दहा हजार लिटरचे चौदा टँकर दर सेकंदाला. टँकरची वाट बघितलेल्या तालुक्याला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

नाशिककरांनी यासाठी स्वतःचं माप शोधलेलं आहे. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावरून शहर पूर मोजतं: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ४ ऑगस्ट २०१९च्या पुरात मूर्ती पाण्याखाली गेली होती. कयाकवाल्यानं आपापल्या पाण्यावर असंच एक माप ठेवावं. काठावरचा खडक, घाटाची पायरी किंवा पाण्यात रोवलेली काठी. उतरताना ओल कुठवर आहे ते बघायचं आणि दर थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. पाणी दोन बोटं चढलं, गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला तर कारण शोधत बसू नये, काठ धरावा. विसर्गाआधी धरणावर भोंगा वाजतो, पण तो नदीच्या प्रत्येक वळणापर्यंत ऐकू जाईल, या भरवशावर राहू नये.

गिरणेवर २०२४च्या ऑगस्टच्या सुरुवातीला याचा प्रत्यय आला. मालेगावात नदीपात्रात मासेमारीला गेलेले लोक पाणी वाढल्यानं खडकावर अडकले. शेवटी हवाई दलाचं हेलिकॉप्टर येऊन त्यांना उचलून नेलं. चांदवडचा राहुड घाट उतरून पलीकडे गेलं की हीच नदी. मासेमारी करणारे ती नदी ओळखणारे होते. त्यांनाही वेळ मिळाला नाही.

उलट, सोडलेल्या पाण्याचं वेळापत्रक पक्कं असेल तर त्याच्यावर खेळ उभा राहतो. रायगडमधल्या कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, ते मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून वीज करून खाली सोडलं जातं त्याच्या जोरावर. सकाळी पाणी येतं, त्याच्याबरोबर राफ्ट निघतात, आणि पाणी ओसरलं की नदी पुन्हा खडकांची होते. तिथले वाटाडे आधी पाण्याची वेळ विचारतात आणि मग पर्यटकांची. नाशिककडे उन्हाळ्यात कालव्यांना आणि नद्यांना आवर्तनं सुटतात, त्यांच्याही तारखा ठरलेल्या असतात आणि पाटबंधारे विभागाच्या स्थानिक कार्यालयात त्या कळतात. एप्रिलमध्ये कोरड्या नदीत अचानक कमरेएवढं पाणी दिसलं तर ते आवर्तनाचं आहे, आणि ते एका दिवसात बंदही होईल.

बंधाऱ्यांबद्दल मात्र कुठलीही सवलत नाही. वरच्या बाजूनं येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही. नदीवर एक सरळ रेघ आणि पलीकडे काही नाही, एवढंच दिसतं. पाणी भिंतीवरून खाली पडतं, तळाशी जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि पुन्हा भिंतीकडे वळतं. या फिरत्या पाण्यात जे सापडतं ते तिथेच गोल गोल फिरत राहतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही. २३ मे २०२४ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घ्यायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक आलं होतं. बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांनी प्राण गमावले. प्रशिक्षित माणसं, इंजिनाची बोट, अंगात जॅकेट. दुसऱ्यांना शोधायला गेलेल्या त्या जवानांचं मोल शब्दांत सांगता येणार नाही. ज्या पाण्यानं त्यांना सोडलं नाही, त्याच्याजवळ गंमत म्हणून जाणं कुणालाही शोभणार नाही.

जलाशयाची पातळी वर्षभर बदलते आणि तिच्याबरोबर तळही बदलतो. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेलं धरण मेपर्यंत खाली गेलेलं असतं. ज्या खोडांवरून, कुंपणांवरून आणि विहिरींच्या कठड्यांवरून दिवाळीत कयाक सुखरूप गेली, ती फेब्रुवारीत वीतभर पाण्याखाली असतात. निफाड तालुक्यात चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली जुनी देवळं पाणी ओसरलं की वर येतात. पाण्याखाली काय काय आहे याची ती सुंदर आठवण आहे. पण कयाकवाल्यासाठी देवळापेक्षा मोठा धोका शेतीपंपांचा. फुगवट्याच्या कडेला तरंगत्या मोटारी आणि त्यांच्या विजेच्या केबल पाण्यातून जातात. त्यांच्यापासून लांब राहावं. मासेमारीची जाळीही तशीच. ती तोडली तर एका कुटुंबाची रोजी जाते, अडकलं तर आपलं वल्हं. जलपर्णीच्या गालिच्यात शिरू नये, ती वाऱ्यानं सरकते आणि आलेली वाट बंद करते.

थंडीला इथे फार घाबरायला नको, पण ती नाहीच असंही नाही. निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत कमी आकड्यांत गणला जातो. अशा पहाटे ओला माणूस वाऱ्यात गारठतो, बोटं वळत नाहीत, कयाकवर परत चढणं जमत नाही. पाण्यावर धुकं असलं तर ते उठेपर्यंत थांबावं.

परत चढण्याबद्दल एक गोष्ट प्रस्तावनेतच सांगायला हवी, कारण हवामानाच्या सगळ्या निर्णयांचा पाया ती आहे. उलटलेली कयाक सरळ करून पाण्यातून तिच्यावर चढणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी सुरक्षित हवामानाची मर्यादा फार खाली असते. छातीनं कयाकवर ओणवं व्हायचं, पाय मागे पाण्यात जोरात मारायचे, पोट मध्यावर आणायचं आणि मग अंग फिरवून बसायचं. वाचायला चार ओळी. पहिल्यांदा करताना दम निघतो. हे काठाजवळ, छातीभर शांत पाण्यात, जॅकेट घालून आधी करून बघायचं. जॅकेटचे पट्टे आवळलेले नसतील तर पाण्यात ते कानांपर्यंत वर सरकतं आणि हात अडकतात.

आणि हे शेततळ्यात करून बघायचं नाही. चांदवडमध्ये शेततळी जागोजागी आहेत, पाणी स्वच्छ दिसतं, घराजवळ असतं. पण तळाला आणि उतारांना प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि पोहता येणाराही वर चढू शकत नाही. तळ्यात कायम दोर किंवा टायरची शिडी सोडलेली असावी, ही शेतकऱ्यासाठीची सूचना आहे. कयाकसाठी ती जागाच नव्हे.

या प्रदेशासाठी वर्षाचं गणित असं बसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ: धरणं बऱ्यापैकी भरलेली, आभाळ मोकळं, सकाळी वारा थोडा. मार्चपासून फक्त सकाळी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर मुळीच नाही. जून ते सप्टेंबर नवशिक्यांनी पाण्यापासून दूर राहावं, नदीवर तर कुणीच जाऊ नये. ऑक्टोबर दोन्हीकडचा, परतीच्या पावसाचे ढग दुपारी चढतात.

राज्य सरकारनं २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि पाण्यावरच्या उपक्रमांसह सगळ्या चालकांना नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीचा कागद बघायला मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्याबरोबर चालकाला आणखी काही विचारावं: आज झोताचा वेग किती सांगितलाय, वरच्या धरणातून विसर्ग चालू आहे का, वारा वाढला तर आम्हाला परत कोण आणणार आणि त्याच्याकडे इंजिनाची बोट आहे का, आणि मागच्या वेळी तुम्ही हवामानामुळे फेरी कधी रद्द केली होती? शेवटच्या प्रश्नाला तारीख आणि कारण सांगणाऱ्या माणसाकडून कयाक घ्यावी. तो नुसता हसला, तर त्याच्या जॅकेटांचे पट्टे बघण्याचीही गरज उरत नाही.